मधल्या खोलीतला क्लास

आमच्या घरातल्या सगळ्या भावंडांना तीनताल पाढ्यांच्या आधी पाठ झाला. सोळा मात्रा, चार विभाग, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली. शाळेत बे एके बे सुरू व्हायच्या आत हे हातावर बसलेलं होतं. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याच्या मधल्या खोलीत रविवार सोडून रोज आत्याचा कथकचा क्लास चालायचा, आणि ती खोली ओलांडल्याशिवाय स्वयंपाकघरात जाता येत नसे. दुधाचं पातेलं घेतलेली आई, दळणाचा डबा घेतलेला काका, पेपर शोधत फिरणारे आजोबा, सगळे भिंतीच्या कडेकडेनं जायचे. तिहाई, म्हणजे तीनदा येऊन समेवर, पहिल्या मात्रेवर, संपणारे बोल, चालू असताना मात्र कुणी ओलांडायचं नाही. दारात उभं राहायचं, समेवर पाय पडला की पुढे व्हायचं. घरातल्या कुणीही हा नियम मोडलेला आम्हाला आठवत नाही.

आमच्यातले सगळेच काही नर्तक झाले नाहीत. थोरली ताई विशारद झाली आणि आज स्वतः शिकवते. दादा बरीच वर्षं घुंगरू बांधून उभा राहिला आणि मग तबल्याकडे गेला. धाकटीनं मध्यमा परीक्षेनंतर सोडलं. काकांच्या दोन मुलांपैकी एकानं पेटी धरली. दुसरा सतरंज्या अंथरायचा, उचलायचा आणि कार्यक्रमाच्या दिवशी रिक्षा आणायचा. मी प्रवेशिकेपर्यंत शिकले आणि पुढे आत्याच्या बोलांच्या वह्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. आता आम्ही साठीच्या आसपास आहोत, आणि एकत्र जमलो की बोलणं हटकून त्या खोलीवर येतं. प्रत्येकाची खोली थोडी वेगळी असते. ताई म्हणते, केवढी ऐसपैस होती. धाकटी म्हणते, आठ मुली उभ्या राहिल्या की हात पसरता यायचे नाहीत. ताई अगदी पहिल्या तुकडीतली, धाकटी गर्दीच्या काळातली. दोघींचंही खरं आहे.

आत्या लहान होती तेव्हा, म्हणजे 1950 च्या सुमाराला, पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरात मुलीनं गाणं शिकणं मान्य होऊ लागलं होतं. नाचाचं नाव काढलं की मात्र माणसं गप्प व्हायची. अर्थात वाट तोवर पडू लागली होती. नर्तकी मादाम मेनकांनी 1938 मध्ये खंडाळ्याला नृत्यालयम् सुरू केलं होतं. पुण्यात रोहिणी भाटे यांनी 1947 मध्ये नृत्यभारती स्थापन केली. त्यांनी जयपूर घराण्याच्या सोहनलालजींकडे धडे घेतले, मग लखनौ घराण्याच्या लच्छू महाराजांकडे आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे वर्षानुवर्षं शिकल्या, आणि जे मिळालं ते पुण्यातल्या साध्या घरांतल्या मुलींपर्यंत पोचवलं. त्यांनी ‘अभिनयदर्पण’ मराठीत आणलं, इझाडोरा डंकनचं आत्मचरित्रही आणलं. नाच हा वाचायचा, विचार करायचाही विषय आहे, हे आमच्या शहराला त्यांच्यामुळे कळलं असं आत्या मानायची. ती स्वतः त्यांच्या परंपरेतल्या एका ज्येष्ठ शिष्येकडे शिकली. 1955 मध्ये ‘झनक झनक पायल बाजे’ हा चित्रपट आला, गोपीकृष्णांचे पाय सगळ्या गावानं पाहिले, आणि मग मुलींच्या आया आपणहून चौकशीला येऊ लागल्या, असं ती सांगायची.

मोठ्या मुलींना ती आणखीही सांगायची. ही कला आपल्या घरात आली ती फार उशिरा. लखनौ-जयपूरच्या कथक घराण्यांनी आणि कोठ्यांवरच्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांनी ती पिढ्यानपिढ्या सांभाळली होती, आणि त्या बायकांना समाजानं जे दिलं ते लाजिरवाणं होतं. ठुमरीवरचा भाव शिकवायच्या आधी हे तिनं सांगितलं नाही असं कधी झालं नाही. आजी त्या वेळी आतल्या दारात बसून शेंगा सोलत ऐकत असायची. ती मध्ये काही बोलली नाही, आणि तिथून उठूनही गेली नाही.

क्लास आधी माडीवर होता. जुन्या वाड्यांची माडी म्हणजे लाकडी तुळया, त्यावर तक्तपोशी आणि त्यावर मातीचा थर. तत्कार, म्हणजे पायांचं काम, सुरू झाला की फटींतून माती झरायची. खालच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी एकदा आमटीची वाटीच वर आणून दाखवली. त्यांचं बरोबरच होतं. त्याच आठवड्यात आजोबांनी मधली खोली रिकामी केली. त्यांचं मेज आणि संस्कृतच्या पुस्तकांचं कपाट ओसरीवर गेलं आणि पुढची सगळी वर्षं ते पावसाळ्यात कपाटावर मेणकापड टाकून ओसरीवरच लिहीत-वाचत राहिले. आमच्या घरात नृत्यशिक्षणाला मिळालेली पहिली देणगी हीच, आणि तिची पावती कुणी फाडली नाही.

मधल्या खोलीत शहाबादी फरशी होती. पायाचा आवाज सुरेख यायचा, पण दगड तो दगड. नडग्या भरून यायच्या, टाचा दुखायच्या. म्हणून दहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी आत्या दुहेरी सतरंजी घालायला लावायची. आवाज दबायचा आणि पोरं हिरमुसायची. आत्या म्हणायची, “आवाज काय, पुढे दहा वर्षांनीही काढता येईल. गुडघे सांभाळा.” टाच आपटायची नाही, तळवा पूर्ण पडला पाहिजे, गुडघा जरासा सैल हवा, हे ती अक्षरशः रोज सांगायची. एका खोलीत एका वेळी दोन वयांची माणसं असली तर अर्धी सतरंजीवर आणि अर्धी फरशीवर असायची. सतरंजीवरून फरशीवर यायला मिळणं हीच आमच्याकडची बढती होती. घुंगरू त्याच्याही नंतर, आणि तेही आधी एका पायात पन्नासच. दोरी ओवायला आत्या ज्याची त्याला बसवायची. गाठ सैल राहिली तर घुंगरू घोट्यावर घसरतात आणि सोलून काढतात, हे तिथे बसल्या बसल्या कळायचं.

तबलजी आठवड्यातून दोनदा सायकलवरून यायचे. बाकीचे दिवस पढंत, म्हणजे तोंडानं बोल म्हणणं, टाळी आणि पेटीवरचा लेहरा. आता मोबाइलवर बोट ठेवलं की हव्या त्या लयीत लेहरा सुरू होतो. तेव्हा कॅसेटसुद्धा घरात आली नव्हती. सोळा मात्रांची ती एकच ओळ, बहुतेक चंद्रकौंसातली, तासभर कुणीतरी वाजवत राहायची. ते काम आम्हा भावंडांचं. काकाच्या मोठ्या मुलानं ते सगळ्यात जास्त केलं. समोर इतिहासाचं पुस्तक उघडून बसायचा त्यानं प्रयत्न केला, पण लेहरा धरणाऱ्याचं लक्ष हललं की लय हलते, लय हलली की नाचणारीचे पाय अडखळतात, आणि आत्या नाचणारीकडे न बघता पेटीकडे बघायची. तो आज बँकेतून निवृत्त झाला आहे. मंचावर तो एकदाही उभा राहिला नाही, पण ताईच्या विशारदपर्यंतच्या सगळ्या रियाजाखाली त्याचा हात आहे. कार्यक्रमपत्रिकेवर अशा माणसाचं नाव नसतं. असायला हवं, असं मला फार वाटतं.

आता शिकवण्याबद्दल. आत्याचे तीन वर्ग असत. दुपारी दोनला बायकांचा, पाचला लहानांचा, साडेसहाला मोठ्या मुलींचा. तिच्या वह्याही तीन, आणि कव्हरावर एवढंच: लहान, मोठ्या, दुपार. मी त्या उतरवत असे म्हणून मला नीट माहीत आहे की एकच तुकडा तिन्ही वह्यांत असायचा आणि तिन्हीकडे वेगळा असायचा. लहानांच्या वहीत बोल तेवढेच, पण शेवटची तिहाई मध्ये श्वास घ्यायला जागा ठेवून बांधलेली. मोठ्यांच्या वहीत ती बेदम, सलग, आणि पुढे चक्करांची खूण. दुपारच्या वहीत चक्कर काढून तिथे पलटा घातलेला आणि कडेला बारीक अक्षरात, इथे नजर कुठे, मान किती. कमी शिकवलेलं कुणालाच नव्हतं. काय सोडायचं आणि त्या जागी काय घालायचं याचा हिशेब ती रात्री जेवणं झाल्यावर बसून करायची.

लहानांना ती सुरुवातीला नाचूच देत नसे, चालायला लावायची. सोळा पावलांत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोचायचं, सम आली की वळायचं. पावलं लहान-मोठी करून पोचायचं, पण पोचायचं समेवरच. सहा-सात वर्षांची पोरं आधी धावत जायची आणि भिंतीला नाक लावून उभी राहायची. काही आठवड्यांत त्यांना मात्रा किती मोठी असते ते अंगातून कळायचं. त्याबरोबर बोल तोंडानं म्हणायचे, मोठ्यानं, टाळी देत. जे तोंडात नाही ते पायात येत नाही, हे तिचं ठरलेलं वाक्य. मग ता थेई थेई तत, आ थेई थेई तत, ठाय लयीत. हातांची वेळ आली की आजोबांना ओसरीवरून बोलावणं जायचं. अभिनयदर्पणातल्या अठ्ठावीस असंयुत हस्तांचे श्लोक ते पोरांकडून म्हणून घ्यायचे. पताक, त्रिपताक, अर्धपताक. उच्चार चुकला की ते पुन्हा म्हणायला लावायचे, आणि पोरांना त्यांची भीती वाटायची नाही कारण त्यांच्या सदऱ्याच्या खिशात खडीसाखर असायची.

बारा ते पंधराच्या मुलींना शिकवणं सगळ्यात अवघड, असं आत्या म्हणायची. कालपर्यंत हात पसरून नाचणारी मुलगी एकाएकी खांदे पुढे घेऊन उभी राहते. तिला सगळ्यांसमोर “ताठ उभी राहा” म्हटलं की ती आणखी मिटते. आत्या अशा मुलींना पुन्हा थाटाकडे न्यायची. नुसतं उभं राहायचं, मनगट, मान, भुवई, छातीतला श्वास, कसक-मसक. शेजारी स्वतः उभी राहून करायची, समोरून बघायची नाही. ताईला ते दिवस लख्ख आठवतात. ती म्हणते, आरशात न बघता आपण बरे दिसतोय असं पहिल्यांदा वाटलं ते त्या थाटात. त्या वयाला वेगाची हाव असते. चौगुन, सत्तावीस चक्करं, टाळ्या. आत्या ते सगळं द्यायची, पण आधी विलंबित लयीत तेवढाच वेळ उभं करून.

आणि महिन्याचे ते चार दिवस. आमच्या घरात तेव्हा बाजूला बसणं पाळलं जायचं. क्लासला आलेली मुलगी कानात सांगायची, आत्या विचारायची, “नाचायचंय का बसायचंय?” नाचावंसं वाटलं तर नाच, नाहीतर पेटीजवळ बसून पढंत. घरी परत कुणी पाठवली गेली नाही. आजी ते बघत होती. आमच्या धाकटीच्या वेळेपर्यंत घरातलं बाजूला बसणंही संपलेलं होतं. त्यावर भांडण झालं नाही, चर्चा झाली नाही.

दादाबद्दल सांगायचं राहिलं. मुलग्यानं नाचायचं म्हटल्यावर शाळेत जे व्हायचं ते झालं. एक दिवस तो रडत आला आणि घुंगरू कपाटावर टाकले. काकानं त्याला काही समजावलं नाही. बालगंधर्व रंगमंदिरात बिरजू महाराजांचा कार्यक्रम होता, तिथे घेऊन गेला. परतताना एवढंच म्हणाला, “लच्छू महाराज, शंभू महाराज, गोपीकृष्ण. सगळे पुरुषच बघ.” दुसऱ्या दिवशी दादानं स्टूल लावून घुंगरू उतरवले. पुढे तो तबल्याकडे गेला तो कुणाच्या चिडवण्यामुळे नव्हे, हात त्याचा जास्त चालायचा म्हणून. नाचणाऱ्यांबरोबर वाजवताना तो त्यांच्या पायांकडे बघत नाही, खांद्यांकडे बघतो. चक्कराच्या आधी श्वास कुठे घेतला जातो ते त्याला स्वतःच्या अंगातून माहीत आहे. त्याला साथीला बोलावण्यासाठी आजही मुली थांबतात.

दुपारच्या वर्गाविषयी बोलायला लागलो की आम्हाला वेळ पुरत नाही. घरातली जेवणं उरकून, भांडी घासून, मुलं शाळेतून यायच्या आणि नळाला पाणी यायच्या आत या बायका येत. तिशीपासून साठीपर्यंतच्या. पाचवारी साडीचा पदर खोचून उभ्या राहायच्या. पहिल्या दिवशी बहुतेक सगळ्या एकच सांगायच्या, “जरा व्यायाम म्हणून आले हो.” आत्या त्यांना तीनताल शिकवायची नाही. “काकू, मंगळागौरीत काय खेळायचात?” असं विचारायची. झिम्मा, फुगडी, पिंगा, आगोटा-पागोटा. मग तेच खेळायला लावायची, तिथेच, आणि दादाला हळूच ठेका धरायला सांगायची. झिम्म्याची टाळी आणि पाऊल चार मात्रांत बसलेलं आहे हे त्यांच्या ध्यानात येईपर्यंत त्या तत्काराच्या अर्ध्या वाटेवर आलेल्या असत. माझी आईही त्यांच्यात होती, पण ती रोज नाही यायची. काकूची आणि तिची पाळी असायची; एक नाचायची तेव्हा दुसरी चहाचं आधण बघायची.

या बायकांचे पाय मुलींइतके कधी चालले नाहीत. अभिनयात मात्र त्या मुलींच्या पार पुढे असत. पनघटाची गत घ्या. डोक्यावर घागर, कमरेवर घागर, आणि कृष्णानं वाट अडवलेली. मुली भुवई उचलायला शिकून भुवई उचलायच्या. या बायकांनी भरलेली घागर खरोखर वाहिलेली होती, वाट अडवणाराही बघितलेला होता, आणि मनातला राग तोंडावर न दाखवता सासरच्या अंगणातून चालत जाणं त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आत्या मोठ्या मुलींना कधीकधी मुद्दाम दुपारी बोलवायची आणि कोपऱ्यात बसवायची. “बघा, पाणी किती जड असतं ते.”

शेजारच्या वाड्यातल्या एक काकू नातवाला कडेवर घेऊनच यायच्या. नातू सतरंज्यांच्या ढिगावर झोपायचा. घुंगरांनी, पढंतीनं, तबल्यानं त्याला काही व्हायचं नाही. लेहरा थांबला की मात्र खाडकन जागा होऊन रडायचा. म्हणून काकू यशोदा करत असताना लेहरा थांबवायचा नाही अशी पेटीवाल्याला ताकीद होती, आणि त्यांची यशोदा त्यामुळे फार लांबायची. कुणाची तक्रार नसे.

आणखी एकींचे गुडघे इतके गेलेले होते की उभं राहणंच दहा मिनिटांवर होत नसे. आत्यानं त्यांना पाट दिला. सगळी गत बसून. त्या ओशाळल्या. तेव्हा आत्या दुपारच्या सगळ्या बायकांना घेऊन यमुनाबाई वाईकरांची बैठकीची लावणी ऐकायला गेली. पेठेतल्या बायकांनी लावणीला जायचं म्हणजे काय, ही कुजबुज झालीच. आजोबा म्हणाले, “मी येतो बरोबर,” आणि कुजबुज थांबली. मांडी घालून बसलेली बाई नुसत्या नजरेनं, मनगटानं, गळ्यातल्या एका मुरकीनं समोरच्याला धरून ठेवते हे त्यांनी पाहिलं. त्यानंतर पाटावर बसायला त्या काकू ओशाळल्या नाहीत. पुढच्या गुरुपौर्णिमेला त्यांनी पाटावरून द्रौपदी केली. धाकटी तेव्हा जेमतेम आठ वर्षांची. तिला त्या दिवसाचं दुसरं काही आठवत नाही, ते वर उचललेले दोन हात आठवतात.

परीक्षांचा हंगाम वर्षातून दोनदा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा म्हणजे आमच्या घरचं दुसरं वार्षिक वेळापत्रक. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला लावलेलं रोप, त्यांच्यामागे 1931 मध्ये शिष्यांनी मंडळ काढून वाढवलं, आणि त्यामुळे गावोगावच्या मुलींना एक अभ्यासक्रम आणि एक प्रमाणपत्र मिळालं. परीक्षेनं कला येत नाही हे आत्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पण ती म्हणायची की मुलीच्या हातात कागद आला की तिच्या सासरचेही तो कागद मोडीत काढताना जरा विचार करतात. मला हे तिचं म्हणणं आजही पटतं.

एका वर्षी दुपारच्या वर्गातल्या निवृत्त शिक्षिका प्रारंभिकला बसल्या. केंद्रावर बाकीची सगळी पोरं आठ-नऊ वर्षांची. बाकावर त्या मध्ये, दोन्ही बाजूंना वेण्या घातलेल्या मुली. एकीनं त्यांना विचारलं, “आजी, तुम्हाला दुगुन येते?” त्यांनी हातावर दाखवली, मग तिनं दाखवली, मग त्यांच्या रांगेतली सगळीच दाखवायला लागली. आत्यानं आत निरोप पाठवला होता, वय बघून सूट देऊ नका. परीक्षकांनीही दिली नाही. हातावर ठाय, दुगुन, चौगुन, तत्कार, तोडे, हस्तमुद्रा, सगळं विचारलं. बाई पास झाल्या. त्यांच्या भिंतीवर बी.टी.च्या पदवीशेजारी ते प्रमाणपत्र चौकटीत लागलं.

पैशाचं सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. फी महिना पाच रुपये होती, पुढे दहा झाली, ती पाकिटात घालून कोनाड्यातल्या डब्यात टाकायची. पाकिटावर नाव लिहायचं नाही, ही आजोबांची अट. त्यामुळे कुणी दिली, कुणी दिली नाही, कुणी दोन जणींची दिली, हे कुणालाच कळत नसे. काका महिन्याअखेर डबा मोजून वहीत लिहायचा, आणि पहिला आकडा तबलजींचा असायचा. घरात त्या महिन्यात काहीही अडो, त्यांचे पैसे पहिल्या तारखेला. नाच शिकवणारीचा मान हार घालून करता येतो. साथीदाराचा मान वेळेवर पैसे देऊनच होतो, हे काकाचं मत होतं. उरलेल्यात परीक्षेचे फॉर्म, घुंगरू, वर्षातून एकदा हॉल. कमी पडलं तर काका भरायचा. किती भरलं ते त्याच्या वहीत नाही.

कपड्यांची ट्रंक माझ्या काकूची. आजीच्या जुन्या नऊवार रेशमी साड्यांचे तिनं घागरे केले. नऊ वारांत घेर छान पडतो. शिवताना दाब चांगला दोन बोटं सोडायची, म्हणजे मुलगी वाढली की उसवून सोडायचा, धाकटीला घालायचा असला की पुन्हा धरायचा. आतल्या पट्टीवर पेन्सिलीनं नावं. एकेका घागऱ्यावर आठ-दहा नावं आहेत. स्वतःचा पोशाख शिवायची ऐपत नसलेल्या मुलींना त्या ट्रंकेमुळे कधीच वेगळं उभं राहावं लागलं नाही, कारण सगळ्यांचेच कपडे त्या ट्रंकेतले. साडेसहाचा वर्ग सुटला की लांबच्या मुलींना बॅटरी घेऊन घरी सोडायला आजोबा किंवा काका जायचे. दिवे गेलेले असले तरी जायचे. मुलीला सातनंतर एकटीनं यावं लागतं म्हणून क्लास सुटला, असं आमच्याकडे एकाही मुलीच्या बाबतीत झालं नाही. नृत्याला आश्रय म्हटलं की लोकांना राजेरजवाडे आठवतात. मला बॅटरी घेतलेला काका आठवतो.

पुढचं थोडक्यात. वाडा पाडून तिथे इमारत झाली, क्लास आधी वाहनतळात आणि मग एका शाळेच्या वर्गात गेला. आत्याचे गुडघे थकले तेव्हा ती खुर्चीवर बसून पढंत करत शिकवायची. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र 1987 मध्ये सुरू झालं, मुंबईत त्याच्या बऱ्याच आधीपासून कनक रेळे यांचं नालंदा नृत्यविद्यालय होतंच. नृत्याची पदवी घेऊन त्यावर पोट भरता येतं हे आत्यानं डोळ्यांनी पाहिलं, आणि त्याचा तिला मनापासून आनंद झाला. आता दहावीच्या निकालात शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांसाठी वाढीव गुण मिळतात. त्यानं क्लास भरतात, हे चांगलं आहे. दहावीनंतर त्यातल्या पुष्कळ मुली येईनाशा होतात, याचं ताईला वाईट वाटतं. मला वाटतं, दहावीनंतर मुलगी थांबते ती गुणांची गरज संपली म्हणून तर थांबतेच, पण घरात तिच्या सोळा मात्रांसाठी दारात थांबणारं कुणी नसतं म्हणूनही थांबते.

2020 मध्ये सगळं बंद झालं तेव्हा ताईनं ऑनलाइन शिकवलं. धाकटी न्यू जर्सीहून पुन्हा शिकायला बसली. एकत्र पढंत अशक्य. आवाज थोडा उशिरा पोचतो, दोघी एकदम म्हणायला लागल्या की सम कुणाचीच राहत नाही. मग लेहरा शिकणारीच्या घरी लावायचा, ताईनं आपला आवाज बंद ठेवून नुसतं बघायचं आणि शेवटी सांगायचं. तत्काराचे हाल झाले. दुपारच्या वर्गाचं मात्र झकास चाललं, कारण पडद्यावर तोंड आणि हात तेवढे दिसतात आणि त्यांचं तर सगळं तिथेच.

आत्या गेल्यावर तिन्ही वह्या माझ्याकडे आल्या. मी त्या टंकलिखित करते आहे, कडेच्या बारीक अक्षरांसकट. कडेचं गेलं तर नुसते बोल राहतील, आणि बोल पुस्तकांतही मिळतात. पेन्सिलीचं जिथे पुसट झालंय तिथे ताईला फोन करते. ती फोनवरच म्हणून दाखवते आणि मग कळतं की तिथे मान डावीकडे होती. आम्ही भावंडांनी मिळून महिन्याचे थोडे पैसे बाजूला काढायला सुरुवात केली आहे. महापालिकेच्या एका शाळेतल्या मुलींना ताईची एक विद्यार्थिनी शिकवते, तिथे साथीला तबलजी मिळावा म्हणून. पेटीवाला म्हणतो आधी लाकडी फळ्या घाला, तिथली फरशी वाईट आहे. दादा म्हणतो साथ आधी. या वादात काकाचं मत कुठल्या बाजूला पडलं असतं याबद्दल आमचं एकमत आहे, त्यामुळे तबल्याचे पैसे पहिल्या तारखेला जातात आणि फळ्यांसाठी वेगळी वर्गणी चालू आहे. दुपारच्या वहीतली एक आमद यंदा वहिनीनं उचलली, निवृत्तीनंतर. तिला पुढच्या सत्रात प्रारंभिकला बसायचंय. ताईनं फॉर्म मागवलाय, आणि दादा रोज जेवण झाल्यावर तिच्याकडून दुगुन हातावर करून घेतोय.